काळा रंग फासण्याआधी : जुन्या घरातल्या घडीव लोखंडी दिव्यांबद्दल

घर-संग्रहालयात गालिच्यांची नोंद असते, चित्रांची असते, कपाटातल्या चिनीमातीच्या बशांचीही असते. छताला टांगलेलं लोखंडी झुंबर आणि भिंतीवरचे लोखंडी ब्रॅकेट मात्र बहुतेक ठिकाणी 'लाइटचं काम' या खात्यात जमा होतात. बल्ब गेला की शिडी लागते, वायर जळली की वायरमन येतो, आणि एखाद्या समारंभाच्या आदल्या दिवशी कुणीतरी त्यावर काळ्या रंगाचा एक हात मारून मोकळा होतो. असे पाच-सहा हात बसले की हातोडीचे ठसे बुजतात, पानांच्या शिरा भरून येतात, सळीच्या कडा गोल होतात. लोहाराने तापवून, ठोकून केलेली वस्तू साच्यातून काढल्यासारखी दिसायला लागते.

म्हणून ब्रश हातात घेण्याआधी दिवा नीट वाचायचा. धातू कोणता, दिवा जळत कशावर होता, वजन कशावर पेललंय आणि वरचा थर मूळचा आहे का, एवढं कळलं की पुढचे निर्णय फारसे अवघड नसतात.

लोखंड कुठलं?

'रॉट आयर्न' या नावाखाली तीन वेगळे धातू सापडतात. खरं घडीव लोखंड म्हणजे साधारण ०.१ टक्क्याहून कमी कार्बन आणि १ ते ३ टक्के मळी, म्हणजे लोखंड शुद्ध करताना त्यात उरलेला काचेसारखा कचरा. ही मळी सळीच्या लांबीच्या दिशेने धाग्यांसारखी पसरलेली असते, लाकडातल्या रेषांसारखी. १७८४ मध्ये हेन्री कॉर्टने पडलिंगच्या, म्हणजे वितळलेलं बीड भट्टीत ढवळून त्यातला कार्बन जाळण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि असं लोखंड मोठ्या प्रमाणावर निघू लागलं. १८५६ मध्ये बेसेमरची पद्धत आली, स्वस्त पोलाद मिळू लागलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून लोहारांच्या हातात हळूहळू माइल्ड स्टील, म्हणजे कमी कार्बनचं मऊ पोलाद, आलं. त्यामुळे विसाव्या शतकातल्या दिव्याला 'रॉट आयर्न' म्हणताना बहुतेकदा घडवण्याची पद्धत अभिप्रेत असते, धातू नव्हे. त्यात कमीपणा काही नाही. हाताने घडवलेलं माइल्ड स्टीलसुद्धा तितकंच जपण्यासारखं असतं, पण दुरुस्तीचा मार्ग वेगळा असतो. तिसरा धातू म्हणजे बीड, साच्यात ओतलेलं लोखंड. त्यात कार्बन २ ते ४ टक्के. ठोकलं की वाकत नाही, तुटतं.

पुस्तकांत खाच पाडून सळी वाकवण्याची परीक्षा दिलेली असते. घडीव लोखंड तंतू काढत फाटतं. संग्रहातल्या वस्तूवर ही परीक्षा करायची नसते, सळी सहाणेवर धरून ठिणग्या बघण्याचीही नाही. त्याऐवजी जिथे गंज खोल गेला आहे ती जागा दहापट भिंगातून बघा. घडीव लोखंडात मळीच्या रेषांमधलं लोखंड आधी खाल्लं जातं आणि उन्हापावसात पडलेल्या लाकडासारखे लांब चर दिसतात. माइल्ड स्टीलवर खड्डे पडतात, पण त्यांना दिशा नसते. बिडाच्या तुकड्यावर साच्याच्या दोन भागांची बारीक शिवण सापडते, आणि आठ पानं असतील तर आठही तंतोतंत सारखी निघतात. हाताने घडवलेली दोन पानं तशी कधीच नसतात. लोहचुंबक इथे अर्धवटच मदत करतो: तिन्ही प्रकारांना तो चिकटतो, पण काळ्या रंगाखाली पितळेचं किंवा जस्ताच्या मिश्रधातूचं फूल दडलं असेल तर तेवढं कळतं.

व्हर्नियर, म्हणजे मिमीचे अंश मोजणारी पट्टी, घेऊन सळीची जाडी दहा ठिकाणी मोजा. १२.७ मिमीच्या आसपास आकडे घुटमळत असतील तर मूळ सळी अर्ध्या इंचाची. एक हात १२.७ चा आणि शेजारचा बरोबर १२.० चा निघाला तर तो हात मागाहून बसवलेला असण्याची शक्यता बरीच. जोडावर विजेच्या वेल्डिंगचा मणी दिसला तरी तोच संशय घ्यायचा.

मेणबत्ती, गॅस की वीज?

मार्गदर्शक अनेकदा सगळ्याच झुंबरांना 'मेणबत्त्यांचं झुंबर' म्हणून टाकतात. खात्री करायला दोन मिनिटं पुरतात. गॅसच्या दिव्याचा हात पोकळ असावाच लागतो आणि वाटेत कुठेतरी चावी, निदान चावीची बुजवलेली जागा असते. भरीव सळीचा हात असेल तर तो दिवा गॅसचा कधीच नव्हता. गॅसची ज्योत सुरुवातीला वरच जायची. उलटा मँटल, म्हणजे ज्योतीवर चमकणारी जाळी खाली तोंड करून टांगलेली, १९०० च्या आसपासचा. मेणबत्तीच्या दिव्याला मेण झेलणारी थाळी असते आणि मधोमध खिळा किंवा वाटी. हा खिळा कापून तिथे होल्डरसाठी भोक पाडलेलं असेल तर भोकाची कड भिंगाखाली बघा. ड्रिलची ताजी धार आणि थाळीच्या इतर कडांची झीज यांतला फरक लगेच दिसतो.

फक्त विजेसाठी घडवलेले दिवेही चांगलेच जुने असू शकतात. इंग्लंडमधल्या क्रॅगसाइड या घरात विल्यम आर्मस्ट्राँगने १८७८ मध्ये पाण्यावर वीज करून आर्क दिवा लावला आणि १८८० मध्ये जोसेफ स्वानचे बल्ब बसवले. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियात सॅम्युएल येलिन या लोहाराच्या कारखान्यात मध्ययुगीन वळणाचं घडीव काम झालं, तेही वीज घरोघरी पोचत असतानाच्या काळात. म्हणजे मशालीच्या आकाराचा ब्रॅकेट दिसला म्हणून त्यात कधी मशाल होती असं धरून चालू नये. आतून वायर जाण्यासाठी मागच्या बाजूला मुळातच खोबण ठोकलेली असेल तर प्रश्न मिटला.

वजन

झुंबराचं वजन किती, या प्रश्नाला 'असेल पंधरा-वीस किलो' हे उत्तर चालत नाही. उतरवल्याशिवाय काट्यावर ठेवता येत नाही आणि वजन कळल्याशिवाय उतरवू नये, म्हणून हिशोब आधी कागदावर करायचा. सूत्र सोपं आहे: सळीच्या छेदाचं क्षेत्रफळ चौरस मिमीमध्ये काढा, त्याला ०.००७८५ ने गुणा, किलो प्रतिमीटर मिळतं.

समजा ९० सेंमी व्यासाचं कडं आहे, ४० बाय ६ मिमी पट्टीचं. परीघ २.८३ मीटर, पट्टी १.८८ किलो प्रतिमीटर, म्हणजे ५.३ किलो. आठ हात, प्रत्येकी ६० सेंमी लांब, १२ मिमी चौरस सळीचे: ४.८ मीटर गुणिले १.१३, म्हणजे ५.४ किलो. मधला २५ मिमी गोल दांडा ७० सेंमी: २.७ किलो. तीन साखळ्या, प्रत्येकी ८० सेंमी, ८ मिमी सळीच्या कड्यांच्या: साडेतीनच्या आत. थाळ्या आणि वाट्या मिळून २, वेटोळी आणि पानं ३. बेरीज जवळपास २२ किलो. वायर, होल्डर, काचा धरून २४ म्हणा.

दिव्यांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६०५९८, टांगणीची परीक्षा दिव्याच्या वजनाच्या ४ पट भार १ तास लावून घ्यायला सांगतं. आपल्या उदाहरणात ९६ किलो. हा भार जुन्या झुंबराला लावायचा नाही. तो लावायचा छतातल्या आकड्याला, झुंबर खाली उतरवल्यावर, वाळूच्या पिशव्या जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवून. आणि त्याआधी वरून बघून घ्यायचं की आकडा कशात आहे. लाकडी तुळईत नुसता पिळून बसवलेला आकडा, वर कीड लागलेली तुळई, किंवा आकडा तुळई चुकवून फक्त छताच्या पट्ट्यांत बसलेला, हे तिन्ही प्रकार आढळतात. वरून पोचता येत असेल तर दोन तुळयांवर आडवी पट्टी टाकून आरपार बोल्ट आणि मोठी प्लेट हा सगळ्यात निवांत झोप देणारा उपाय. तुळई स्वतःच वाकलेली असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा, तिथे लोहाराचं किंवा वायरमनचं मत उपयोगाचं नाही.

साखळीत झीज होते ती कडी जिथे कडीत बसते तिथे, आणि ती बाहेरून दिसत नाही. साखळी सैल करून कडी फिरवून मोजावी लागते. उचलण्याच्या साखळ्यांसाठी १० टक्के झीज ही सर्वसाधारण मर्यादा धरतात, म्हणजे ८ मिमीची कडी ७.२ च्या खाली गेली की तिच्यावर वजन ठेवायचं नाही. काही सजावटीच्या साखळ्यांच्या कड्यांची तोंडं मुळात जोडलेलीच नसतात, नुसती दाबून आणलेली असतात. अशी साखळी वजनाखाली सावकाश उघडत जाते. साखळी बदलू नका. तिला दिसायला राहू द्या आणि वजन आतून नेलेल्या स्टेनलेसच्या वायररोपवर घ्या. ७ बाय १९ विणीचा (प्रत्येकी १९ तारांचे ७ पेड) ३ मिमी रोप साधारण ५०० किलोला तुटतो, म्हणजे २४ किलोसाठी भरपूर. टोकं दाबून बसवलेल्या फेरुलनीच, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्यांनीच, बंद करा. रोप फक्त सुरक्षेसाठी असेल तर त्यात ढिलाई दोन-तीन सेंमीपेक्षा जास्त ठेवू नका. फूटभर ढिला रोप म्हणजे साखळी तुटल्यावर झुंबर फूटभर पडून जो झटका बसेल त्याची तयारी.

झुंबर पडण्याचं आणखी एक कारण आहे, त्याचा गंजाशी संबंध नाही. मधला दांडा वर आट्यांनी बसवलेला असतो. धूळ पुसताना झुंबर स्वतःभोवती फिरवत पुसायची सवय लागते, नेहमी एकाच दिशेने. दरवेळी पाव आटा सुटतो. काही वर्षांनी शेवटच्या दोन आट्यांवर सगळं लटकत असतं. उपाय चेकनटचा, म्हणजे पहिला नट सुटू न देणाऱ्या दुसऱ्या नटचा, किंवा आरपार पिनेचा. आणि पुसताना माणसाने फिरायचं, झुंबराने नाही.

उतरवणं

वीज नुसती स्विचवर बंद करून भागत नाही. एमसीबी पाडून त्यावर कुलूप किंवा पाटी लावायची, मग टेस्टरने नव्हे तर मीटरने तपासायचं. बल्ब, काचा, अभ्रकाचे तुकडे आधी काढून घ्यायचे. झुंबराची कोणती बाजू दाराकडे होती हे दोऱ्याने चिठ्ठी बांधून नोंदवायचं, कारण उन्हाकडच्या बाजूचा रंग वेगळा असतो आणि नंतर उलटं टांगलं तर ते खटकतं. हातांना घड्याळाच्या दिशेने क्रमांक द्या. चिठ्ठ्या बांधा, चिकटपट्टी लावू नका. ती निघताना जुना थर घेऊन निघते.

खाली आल्यावर झुंबर हातांवर टेकवून ठेवायचं नसतं. ते घडवलं गेलं टांगण्यासाठी, त्याचे जोड त्या दिशेने ताण घेतात. लाकडी किंवा पाइपची चौकट करून कमरेच्या उंचीवर टांगा आणि काम तिथेच करा.

वरचा थर

लोखंडी दिवे काळेच असायचे ही समजूत काळ्या रंगाच्या डब्यांनीच पसरवली असावी. प्रत्यक्षात गरम लोखंडावर जवसाचं तेल जाळून केलेला तपकिरी-काळा थर, ग्रॅफाइटची राखाडी चकाकी, मेण लावलेलं घासून उजळ केलेलं लोखंड, डांबरी व्हार्निशचा चकचकीत काळा, लाल शिशाच्या प्रायमरवर रंग, पानांच्या टोकांना सोन्याचा वर्ख, असं बरंच काही निघतं. मूळ थर शोधायचा तो झाकलेल्या जागी: कॅनॉपीच्या, म्हणजे छताशी असलेल्या झाकणीच्या आत, फुलांच्या मागे, दोन सळ्या आवळणाऱ्या कॉलरच्या कडेला. तिथे स्कॅल्पेलने ५ बाय ५ मिमीची खिडकी पायऱ्यापायऱ्यांनी उघडा, प्रत्येक थराची एक पायरी, आणि मग फोटो. लाल-केशरी थर लागला तर शिसं आहे असं धरूनच पुढे जा: कोरडं घासकाम बंद, मास्क, आणि निघालेला चुरा वेगळ्या पिशवीत.

सफाईची सुरुवात मऊ ब्रशने आणि कमी ओढ ठेवलेल्या व्हॅक्यूमने. नळीच्या तोंडाला जाळी बांधली की सुटलेला वर्ख किंवा छोटा स्क्रू आत जात नाही. तेलकट काजळीला व्हाइट स्पिरिट, कापसाच्या बोळ्यावर, बोळा सतत बदलत. पाणी वापरायचंच तर डिस्टिल्ड, त्यात नॉन-आयॉनिक साबणाचे दोन-चार थेंब, आणि फक्त जिथे रंग अखंड आहे तिथे. लगेच कोरडं करायचं. थाळीतले जुन्या मेणाचे थेंब सरसकट खरवडू नका. ते मेणबत्तीच्या वापराचा पुरावा आहेत, निदान एका थाळीतले राहू द्या. अभ्रकाच्या तावदानांना पाण्याचा हातही लावायचा नाही, पदर सुटतात आणि परत चिकटत नाहीत.

गंज म्हटला की सगळा काढायचा, हा हिशोब इथे लागू नाही. घट्ट बसलेला, गडद तपकिरी-काळा, बोटाला न लागणारा थर राहू द्यावा. केशरी, भुकटी होणारा गंज चालू आहे. आणि गंजावर बारीक ओलसर थेंब किंवा पोकळ फोड दिसले तर आत क्लोराइड, म्हणजे मिठासारखे क्षार, आहेत. समुद्राजवळच्या घरात ते आपोआप येतात, पण दूरच्या घरातही सापडतात, कारण कधीकाळी कुणीतरी हायड्रोक्लोरिक ॲसिडने 'साफ' केलेलं असतं. स्वच्छ लोखंड साधारण ६० टक्के आर्द्रतेपर्यंत फारशी तक्रार करत नाही. क्लोराइड असतील तर त्याहून बऱ्याच कमी आर्द्रतेतही गंज चालू राहतो. लाकूड आणि कापड असलेल्या खोलीत हवा तेवढी कोरडी करता येत नाही, म्हणून असा दिवा संवर्धकाच्या प्रयोगशाळेत पाठवणंच बरं.

साध्या केशरी गंजासाठी स्कॅल्पेल आणि व्हाइट स्पिरिटमध्ये भिजवलेली सगळ्यात बारीक, चार शून्याची, स्टील वूल पुरते. त्यानंतर उरलेल्या गंजावर टॅनिक ॲसिडचं ५ ते १० टक्के द्रावण, पीएच २ ते २.५, ब्रशने पातळ, थर वाळवून दोन-तीनदा. गंजाशी मिळून निळसर काळं फेरिक टॅनेट तयार होतं. हे गंजावरच होतं. उजळ लोखंडावर त्याचा उपयोग नाही, आणि जुन्या रंगावर ते डाग पाडतं. दुकानात मिळणारे 'रस्ट कन्व्हर्टर' म्हणजे बहुधा यातच पॉलिमर मिसळलेला असतो. त्याची जाड काळी साय होते आणि ती पुढे काढता येत नाही. ते नको.

सँडब्लास्टिंग आणि पावडर कोटिंग यांची जोडगोळी सगळ्यात जास्त नुकसान करते, कारण निकाल पहिल्या दिवशी देखणा दिसतो. ब्लास्टिंगने भट्टीतली निळसर पापुद्र्याची त्वचा, कानशीचे ओरखडे, रंगाचे सगळे जुने थर एका दुपारी जातात. पावडर कोटिंग १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजतात, तिथे मऊ डाखाचे जोड वितळायला लागतात. कॉलरच्या आत ब्लास्टिंग पोचत नाही, गंज तिथेच राहतो आणि दोन-तीन वर्षांनी वरच्या प्लास्टिकसारख्या थराखालून फुगतो.

संरक्षणासाठी घरातल्या दिव्याला मायक्रोक्रिस्टलाइन मेण बहुतेक वेळा पुरेसं होतं. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झालेलं रेनेसान्स वॅक्स याच जातीचं. लोखंड हाताला गरम लागेल इतकं, पन्नास-साठ अंशांपर्यंत, गरम हवेने तापवायचं म्हणजे आतली ओल जाते आणि मेण सांध्यात शिरतं. मग पातळ लावायचं, थंड झाल्यावर घासायचं. जाड लावलं तर कोपऱ्यात पांढरं साचतं आणि धूळ धरतं. लॅकर वापरायचं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: संवर्धनात सर्रास वापरला जाणारा ॲक्रिलिक लॅकर पॅरालॉइड बी-७२ सुमारे ४० अंशांना मऊ पडायला लागतो. गरम बल्बच्या होल्डरजवळ तो चिकट होतो आणि काजळी पकडतो. अशा जागी ६० अंशांपर्यंत टिकणारा बी-४४ घ्यावा, किंवा बल्बच थंड करावा. त्याबद्दल पुढे.

जोड

घडीव कामाची सगळी अक्कल जोडात असते: रिव्हेट, कॉलर, भोकातून आरपार काढून ठोकलेलं टोक, भट्टीत तापवून ठोकून केलेली जोडणी. यातला ढिला पडतो तो बहुधा कॉलर, कारण त्याच्या आत ओल अडकते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, कॉलर आतून ताणला जातो आणि कोपऱ्यावर फुटतो. फुटलेल्या कॉलरवर वेल्डिंगचा टाका मारणं हा मोह आवरा. घडीव लोखंडातली मळी वितळून बाहेर येते, टाक्याच्या शेजारी पदर सुटतात, आणि दिव्यात वायर असेल तर वेल्डिंगचा करंट नको त्या वाटेने जाऊन इन्सुलेशन जाळतो.

नवा कॉलर करणं हे कुशल लोहाराला अर्ध्या तासाचं काम आहे. दोन १२ मिमी चौरस सळ्या एकमेकींना लागून असतील तर एकत्र छेद १२ बाय २४, घेर ७२ मिमी. कॉलरची पट्टी ५ मिमी जाड असेल तर लांबी घेर अधिक जाडीच्या दोन ते अडीच पट, म्हणजे ८२ ते ८५ मिमी. दोन्ही टोकं थोडी तिरपी करायची, तीन बाजू आधी वाकवून घ्यायच्या, मग लालभडक करून जागेवर बसवून चौथी बाजू ठोकून बंद करायची. थंड होताना पट्टी आकसते आणि आपोआप आवळते. लांबी दोन-तीन मिमी जास्त झाली तर तोंडं एकमेकांवर चढतात, कमी झाली तर फट राहते. म्हणून आधी शिशाच्या किंवा मऊ तांब्याच्या पट्टीवर एक नमुना करून बघायचा. गरम कॉलर बसवताना शेजारच्या जुन्या थराला आच लागते. ओलं फडकं गुंडाळून ठेवायचं आणि संपल्यावर लगेच कोरडं करायचं. जुना फुटका कॉलर फेकायचा नाही. चिठ्ठी लावून पाकिटात ठेवायचा.

रिव्हेटला घुमटासारखं डोकं हवं असेल तर बाहेर राहणारी लांबी व्यासाच्या साधारण दीडपट, ६ मिमी रिव्हेटला ९ मिमी.

नवा भाग कोणत्या लोखंडाचा करायचा? पडलिंगचं लोखंड व्यापारी प्रमाणावर करणारा ब्रिटनमधला शेवटचा कारखाना बोल्टनमधला, तो १९७० च्या दशकात बंद झाला. तेव्हापासून खरं घडीव लोखंड म्हणजे जुन्या साखळ्या, कठडे, गज यांतून पुन्हा लाटलेलं. ते मिळालं तर ते पिवळ्या-पांढऱ्या तापाला ठोकावं लागतं. माइल्ड स्टीलची सवय असलेला लोहार लाल तापाला ठोकत राहतो आणि सळी उभी चिरते. मग दोष लोखंडाला दिला जातो. जिथे वजन पेलायचं नाही अशा पानाफुलाला माइल्ड स्टील चालेल, पण प्रत्येक नव्या भागावर मागच्या बाजूला सालाचा शिक्का ठोका. पन्नास वर्षांनी बघणाऱ्याला ते मूळचं वाटू नये.

वायर

जुनी रबर-सुताची वायर वाकवली की इन्सुलेशन बिस्किटासारखं चुरतं. ती काढायचीच, पण दहा सेंमीचा तुकडा नोंदीसाठी ठेवायचा. जुन्या होल्डरमधला पांढरट तंतुमय वॉशर ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो कोरडा उचकटू नका, ओला करून पिशवीत बंद करा. नव्या वायरसाठी सिलिकॉन इन्सुलेशनची ०.७५ चौरस मिमी वायर योग्य. ओढण्याआधी नळीच्या दोन्ही तोंडांची धार कानशीने मारा आणि बुश बसवा. नव्या वायरचं इन्सुलेशन कापलं जातं ते बहुधा याच धारेवर, आणि ओढतानाच. साखळीतून वायर नेताना एक आड एक कडीतून, थोडी ढिली. ताणून बसवलेली वायर वजन घ्यायला लागते. आट्यांच्या होल्डरमध्ये फेज मधल्या टोकाला, न्यूट्रल आट्यांना, हे उलटं झालेलं जुन्या कामात फार आढळतं.

खरी पंचाईत अर्थिंगची. धातूचा दिवा आहे म्हणजे अर्थ हवाच. पण साखळी अर्थ म्हणून धरता येत नाही, कड्या एकमेकींना टेकतात तिथे गंज आणि रंग असतो. हात कड्याला रिव्हेटने जोडलेले असले तरी मधल्या रंगामुळे एखाद्या हातापर्यंत अर्थ पोचतच नाही. आयईसीच्या कसोटीत अर्थच्या वाटेचा रोध ०.५ ओहमपेक्षा जास्त चालत नाही आणि मोजणी किमान १० अँपिअर करंटने होते. साध्या मल्टीमीटरने मोजलेला आकडा फसवा असतो. आठही हात वेगवेगळे मोजा. इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र), किमान २ मेगाओहम. अर्थच्या स्क्रूसाठी नवं भोक पाडू नका. मधल्या दांड्याच्या नटाखाली दातेरी वॉशर घालून अर्थ बसवता येतो.

काही दिव्यांत प्रत्येक हाताला अर्थ नेणं शक्यच नसतं. तिथे १२ व्होल्टची सुरक्षित कमी व्होल्टेजची व्यवस्था चांगली, ट्रान्सफॉर्मर छताच्या वर किंवा कपाटात, हात पोचेल तिथे. पण वायरमध्ये व्होल्टेज किती उतरतं ते मोजा. २ वॉटचे ८ बल्ब म्हणजे १६ वॉट, १२ व्होल्टला १.३ अँपिअर. ०.७५ ची वायर १० मीटर नेली तर जाऊन-येऊन रोध अर्ध्या ओहमच्या आसपास, उतार ०.७ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ ६ टक्के. इतकं चालून जातं, पण ट्रान्सफॉर्मरपासून झुंबरापर्यंत १.५ ची वायर घेतली तर निम्म्यावर येतं. होल्डरजवळ '१२ व्होल्ट' अशी पाटी आतून लावा. इथे चुकून नेहमीचा बल्ब लावला तर तो नुसता पेटत नाही. इथला बल्ब दुसरीकडे लावला तर मात्र फुटेल.

उजेड किती?

दिव्यातून निघणारा एकूण उजेड लुमेनमध्ये मोजतात. एक मेणबत्ती साधारण १२ ते १३ लुमेन देते. आठ मेणबत्त्यांचं झुंबर म्हणजे १०० लुमेन. त्याच झुंबरात २५० लुमेनचे आठ एलईडी बल्ब लावले की २००० लुमेन, म्हणजे १६० मेणबत्त्या. मग खोली कधीच नव्हती इतकी उजळते, आणि झुंबर स्वतः दिसेनासं होतं, कारण डोळे दिपतात आणि लोखंड सावलीत जातं. कार्बनच्या तारेचा जुना बल्ब १६ कँडलपॉवरचा असायचा, म्हणजे पावणेदोनशे-दोनशे लुमेन. त्या काळातल्या विजेच्या दिव्याला २ वॉटचा फिलामेंट एलईडी बऱ्यापैकी जुळतो. मेणबत्तीच्या दिव्याला तोच बल्ब दहा टक्क्यांच्याही खाली मंद करावा लागतो. उजेडाचा रंग २२०० ते २७०० केल्व्हिन, म्हणजे पिवळसर, आणि रंगदर्शकता (उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, सीआरआय) ९० च्या वर.

खाली गालिचा किंवा जलरंगातलं चित्र असेल तर मर्यादा ५० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप), तैलचित्राला २०० लक्स. लक्समीटर वस्तूच्या पृष्ठभागावर, वस्तूच्याच कोनात धरून मोजायचं. मंद करताना बल्ब लुकलुकत असतील तर दोष बहुधा डिमरचा: जुन्या डिमरला चालायला किमान ४० ते ६० वॉट लागतात आणि आपला सगळा भार १६ वॉटचा. एलईडीसाठीचा ट्रेलिंग-एज डिमर लावा. एलईडीचा मोठा फायदा उष्णतेचा: होल्डर कोमट राहतो, मेण वितळत नाही, लॅकर चिकट होत नाही.

परत वर

टांगताना चेकनट आवळून त्यावर आणि दांड्यावर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढा. पुढे दर सहा महिन्यांनी शिडी न लावता, दुर्बिणीतून ही रेघ बघता येते. तुटक दिसली की आटा फिरला आहे. पहिल्या आठवड्यात खालच्या गालिच्यावर पांढरा कागद अंथरून ठेवा. त्यावर केशरी भुकटी पडली तर कुठला तरी सांधा राहून गेला आहे, आणि कागदावरची जागा कोणत्या हाताखाली येते ते चिठ्ठीवरच्या क्रमांकावरून सांगता येतं.